रिकामी आहे, असं म्हणू नये

आमच्या घरी बंदूक होती म्हटलं की शहरातले पाहुणे जरा सरसावून बसतात. त्यांना वाटते, माणूस मालगुजाराच्या घराण्यातला असावा. तसं काही नव्हतं. काटोल तालुक्यात आमचं बारा एकर वावर, त्याला लागून नाला आणि नाल्यापलीकडे झुडपी जंगल. ज्वारी पोटरीत आली की रानडुकरं यायची, हरभऱ्याला घाटे धरले की रोही यायचे. पाच-पंचवीस जनावरं एका रात्रीत एकराचं वाटोळं करत. म्हणून बाबांच्या नावानं पीकसंरक्षणाचा परवाना होता आणि त्या परवान्यावर एक एकनळी बाराबोर. बाबा जागलीला जात, मचाणावर बसत आणि चार-आठ दिवसांतून एखादा बार काढत, तोही हवेत. आवाज ऐकला की कळप नाला उतरून निघून जायचा. त्या बंदुकीचं एवढंच काम.

बंदुकीबाबत बाबांचे तीन नियम होते. बंदूक मधल्या घरात, उंच खुंटीवर. काडतुसं आईच्या ताब्यात, धान्याच्या कोठीमागच्या डब्यात. ती मागितल्याशिवाय मिळत नसत आणि कशाला पाहिजे ते सांगावं लागे. तिसरा नियम बोलण्याचा होता. बंदूक रिकामी आहे, असं घरात कोणी म्हणायचं नाही. एकदा मोठा भाऊ बंदूक पुसायला घेऊन बसला आणि सहज म्हणाला, "रिकामीच हाये." बाबा जेवत होते. हातातला घास ताटात ठेवून म्हणाले, "तुले कोनं सांगतलं? मोडून पाह्य."

बाराबोर ही मोडायची बंदूक. कळ दाबली की कमरेत वाकते आणि नळीचं मागचं तोंड उघडं पडते. ती उजेडाकडे धरायची. नळीतून आरपार उजेड दिसला, तर रिकामी. नाही दिसला, तर नाही. यात अंदाजाचा, आठवणीचा, दुसऱ्याच्या सांगण्याचा काही संबंध नाही. अडाणी माणसालाही पाहता येते आणि दारू प्यालेल्यालाही फसता येत नाही. त्या वयात मला हे काही विशेष वाटलं नव्हतं. पुढे आमच्या पुतण्यानं पिस्तूल घेतलं तेव्हा कळलं, की उघडून दिसते ही केवढी मोठी सोय होती.

बाबा गेल्यावर परवाना पुढे चालवायची कोणाची इच्छा नव्हती. बंदूक रीतसर ठाण्यात जमा केली, नंतर परवानाधारक विक्रेत्याला दिली. आता वावराला तारेचं कुंपण आणि झटका मशीन आहे. जनावरं अजूनही येतात, पण बाराचा आवाज आमच्या शिवारातून गेला.

पुतण्या संत्र्याच्या व्यापारात आहे. आंबिया बहाराचे, मृग बहाराचे बगीचे झाडावरच सौदा करून घेतो, माल तोडून नागपूरला कळमन्याला पाठवतो, काही बाहेर राज्यात पाठवतो. हंगामात दिवसाला पन्नास माणसं त्याच्या कामावर असतात आणि त्यांची मजुरी, गाडीभाडं, बागवाल्यांचा विसार, सगळं रोखीत. कळमन्याहून रक्कम घेऊन रात्री-बेरात्री परत यायचं. त्याच्या ओळखीच्या एका व्यापाऱ्याला रस्त्यात गाडी आडवी लावून लुटलं, डोक्यात रॉड घातला. तो वाचला, पण अजून नीट बोलत नाही. त्यानंतर पुतण्यानं जिल्हाधिकारी कार्यालयात अर्ज केला. चौकशी झाली, प्रशिक्षणाचा दाखला लागला, शस्त्र घरात कुठं ठेवणार हे लिहून द्यावं लागलं, दीड-दोन वर्षं गेली, आणि परवाना मिळाला.

त्यानं घेतलेलं पिस्तूल नवं नव्हतं. परदेशी पिस्तुलं आणायला साध्या माणसाला आपल्या देशात कित्येक वर्षांपासून मनाई आहे, म्हणून पूर्वी आलेली जुनीच एका हातातून दुसऱ्या हातात फिरतात आणि त्यांचे भाव ऐकून माणूस खाली बसतो. पुतण्याचं पिस्तूल बेल्जियमच्या एफएन कारखान्याचं, १९१० सालच्या नमुन्याचं, .३२ बोअरचं. त्या किमतीत एक बरा ट्रॅक्टर आला असता, असं माझी वहिनी अजून म्हणते. मी शिकलो दहावीपर्यंतच, पण मिळेल ते वाचायची खोड आहे. साराजेव्होत १९१४ साली ऑस्ट्रियाच्या युवराजाला गोळ्या घातल्या आणि पहिलं महायुद्ध पेटलं, त्या पोराच्या हातातलं पिस्तूल याच जातीचं होतं. हे मी घरात सांगितलं तर वहिनीनं ते पिस्तूल देवघराच्या खोलीतून दुसरीकडे हलवायला लावलं.

या पिस्तुलात गोळी चुकून सुटू नये म्हणून तीन बंदोबस्त आहेत. एक, अंगठ्यानं लावायचा खटका. दुसरा, मुठीच्या मागच्या बाजूला एक पट्टी. मूठ घट्ट आवळल्याशिवाय पिस्तूल चालत नाही. तिसरा बंदोबस्त बाहेरून दिसत नाही. गोळ्या असतात त्या मॅगझिनमध्ये आणि मॅगझिन बसते मुठीत. ते मॅगझिन बाहेर काढलं की आतल्या आत चाप आणि पुढची यंत्रणा यांचा संबंध तुटतो. नळीत एक गोळी शिल्लक असली, तरी चाप ओढून ती सुटत नाही. मॅगझिन परत बसवलं की सगळं जागेवर.

एका संध्याकाळी पुतण्या माझ्याकडे आला. म्हणाला, "काकाजी, याच्यातला एक पुर्जा काढून टाकाव म्हनतो."

"काऊन?"

"चाप भल्ला जड लागते. आन् नेम हालते."

कुणा जाणकारानं त्याला सांगितलं होतं, की हा तिसरा बंदोबस्त काढला तर चाप हलका आणि साफ चालेल. असल्या बंदोबस्तात चापाची थोडी ओढ वाढते, हे खोटं नाही. पण त्याचं दुसरं कारण मला जास्त विचार करण्यासारखं वाटलं. तो म्हणाला, "समजा अंधारात झटापट झाली. मॅगझिन नीट बसलं नसन, नाईतर निसटलं. नळीत एक गोळी हाये. तीच मले वाचवू शकते. आन् नेमकी तेव्हाच हे कुलूप म्हनन, मी नाई चालत! मंग हे पिस्तूल कोनाच्या बाजूनं हाये?"

याला माझ्याकडे लगेच उत्तर नव्हतं. त्या रॉड बसलेल्या व्यापाऱ्याला मी पाहून आलो होतो. पुतण्याची भीती काही सिनेमा पाहून आलेली नव्हती. मी म्हटलं, "भाऊजी येऊन रायले रविवारी. त्यायले विचारू."

भाऊजी म्हणजे माझ्या मोठ्या बहिणीचे यजमान. ब्रिगेड ऑफ द गार्ड्समध्ये नोकरी केली, सुभेदार म्हणून निवृत्त झाले. कामठीला त्या रेजिमेंटचं केंद्र आहे, तिथं काही वर्षं ते रंगरुटांना हत्यार शिकवायला होते. फौजेत शिकवणाऱ्याला उस्ताद म्हणतात. तिकडून आले, पण उस्तादकी काही गेली नाही. आमच्याकडे ते चहाची कपबशीसुद्धा कवायतीसारखी ठेवतात.

मला वाटलं होतं, ते पुतण्याला झापतील. त्यांनी झापलं नाही. पिस्तूल मागितलं. हातात घेताच आधी मॅगझिन काढून ओट्यावर ठेवलं. मग वरचा सरकता भाग मागे ओढून धरला, नळीच्या मागच्या तोंडात डोळ्यानं पाहिलं, मग करंगळी घालून चाचपलं. मग म्हणाले, "आता बोल."

पुतण्यानं दोन्ही कारणं सांगितली. भाऊजींनी पूर्ण ऐकून घेतलं आणि आधी त्याच्या बाजूचंच सांगितलं. म्हणाले, फौजेत आमच्याकडे नऊ मिलिमीटरचं पिस्तूल होतं, बंगालमधल्या ईशापूरच्या कारखान्यात बनलेलं. त्याचं मूळ ब्राउनिंगचं. ब्राउनिंग हा अमेरिकन कारागीर, बेल्जियमच्या याच कारखान्यासाठी पिस्तुलं आखायचा आणि १९२६ साली तिथंच काम करताना वारला. त्याचं अर्धं राहिलेलं काम सेव्ह नावाच्या बेल्जियन माणसानं पुरं केलं आणि १९३५ मध्ये ते पिस्तूल बाहेर आलं. त्यातही हे मॅगझिनचं कुलूप आहे, कारण फ्रान्सच्या फौजेनं तशी अट घातली होती. गंमत अशी, की फ्रान्सनं शेवटी ते पिस्तूल घेतलंच नाही, आणि कुलूप मात्र जगभर गेलं. दुसऱ्या महायुद्धात कॅनडात बनलं त्यात गेलं, आपल्या ईशापूरच्यात आलं. "आन् शिपाई लोकं सगळीकडे त्याले शिव्या देत," भाऊजी म्हणाले. "चाप खरबडीत चालते, मॅगझिन सटकन पडत नाई. तू म्हनतो ते नवं नाई."

पुतण्याला वाटलं, काम झालं.

मग भाऊजींनी विचारलं, "घरातल्या घरात हत्याराची गोळी लागून माणूस मरते, तेव्हा तो काय म्हनत असते?"

पुतण्या बोलला नाही. भाऊजीच म्हणाले, "म्हनत असते, रिकामं हाये."

त्यांनी समजावून सांगितलं. पिस्तुलातली गोष्ट बंदुकीसारखी उघडी नाही. मॅगझिन काढलं की हातात वजन येते, गोळ्या दिसतात, आणि मनाला वाटते की सगळ्या गोळ्या याच. पण मॅगझिन काढण्याआधीच एक गोळी वर नळीत जाऊन बसलेली असू शकते. तुझ्या या पिस्तुलाला बाहेर घोडासुद्धा नाही. मारणारी सुई आतच आहे. ते भरलं आहे की रिकामं, हे तोंडाकडे पाहून सांगता येत नाही. आणि उलट्या क्रमानं केलं, म्हणजे मॅगझिन आतच ठेवून वरचा भाग ओढला, तर एक गोळी बाहेर पडते आणि खालची दुसरी आपोआप वर जाते. मग मॅगझिन काढून माणूस निर्धास्त होतो. ते कुलूप त्या एका गोळीसाठी आहे. ज्याला हे माहीत नाही, थकल्यामुळे जो विसरला, किंवा ज्याचं लक्ष दुसरीकडे आहे, त्याच्यासाठी.

"मले तर माहीत हाये ना," पुतण्या म्हणाला.

"तुले माहीत हाये. म्हनून तुले ते नको वाटते. पन हात तुझाच लागन काय त्याले?"

मग त्यांनी बोटांवर मोजायला सुरुवात केली. निवडणूक लागली की पिस्तूल ठाण्यात जमा, तिथला शिपाई हाताळणार. दुरुस्तीला दिलं तर दुकानातला पोऱ्या हाताळणार. कपाट आवरताना सूनबाई हाताळणार. उद्या तू विकलं तर घेणारा हाताळणार, आणि तो कुठंतरी वाचून आलेला असणार की या जातीत तीन बंदोबस्त असतात. तुझ्यातला एक गेलेला आहे, हे पिस्तुलावर कुठं लिहिलेलं राहणार? आणि तू गेल्यावर तुझी पोरं हाताळणार. पुतण्याचा धाकटा तेव्हा सहा वर्षांचा होता. तो तिथंच भिंतीला टेकून सगळं ऐकत होता.

"पन एक गोष्ट ध्यानात ठेव," भाऊजी पुढे म्हणाले आणि हे मात्र मला अनपेक्षित होतं. "या कुलपानं नुकसानही होते. मी रंगरुटाले पिस्तुलाच्या आधी रायफल देत जाओ. रायफलीत असं कुलूप नाई. तिचं मॅगझिन काढलं आन् नळीत गोळी रायली, तर ती सुटतेच. ज्यानं पिस्तुलावर शिकून घेतलं की मॅगझिन काढलं म्हनजे मेलं, तो रायफलीनं माणूस मारन. म्हनून कुलूप असू दे, पन ते नाईच असं समजून वाग." फौजेत रोज संध्याकाळी तेच करून घेतात: जाँच शस्त्र. ओढा, उघडं धरा, उस्तादाला दिसू द्या. वीस वर्षं नोकरी झालेल्या हवालदारालाही त्यातून सुटका नाही.

हे ऐकताना माझ्या डोळ्यांपुढे पिस्तूल राहिलं नव्हतं, सोयाबीनचं मशीन उभं होतं.

शेतकरी माणसाला बंदोबस्त काढून टाकायची सवय फार. विहिरीवरच्या मोटारीच्या स्टार्टरमध्ये तीन फेजपैकी एक गेली की मोटार बंद करणारा पुर्जा असतो. लाइनीचा भरवसा नाही, तो सारखा पाडतो, ओलीत अडते. म्हणून आमच्याकडे निम्म्या स्टार्टरांत तो वायर टाकून बाद केलेला असतो. त्याची शिक्षा मोटार जळण्याची. मोटार भरून मिळते. पैसा जातो, एक पाणी चुकते.

थ्रेशरचं तसं नाही. मशीनच्या तोंडाला पत्र्याची साधारण तीन फुटांची नाळ असते आणि तिचा ड्रमकडचा अर्धा भाग वरून झाकलेला असतो. ती लांबी आणि ते झाकण उगाच नाही. माणसाचा हात ड्रमपर्यंत पोहोचू नये, असं माप घेऊन ते ठरवलेलं आहे. पंजाब-हरियाणाकडे गव्हाच्या मशीनमध्ये इतके हात गेले, की संसदेला १९८३ साली धोकादायक यंत्रांचा कायदा करावा लागला. पण ओलसर सोयाबीन त्या झाकणाखाली अडकते, काठीनं लोटावं लागते, काम हळू होते. म्हणून मशीनवाले झाकण काढून ठेवतात. नाळही आखूड करून घेतात. पाऊस डोक्यावर असतो, गंजी झाकलेली असते, शेतकरीही म्हणतो, लवकर उरका.

पंधरा-सोळा वर्षं झाली असतील. आमच्या गावच्या शिवारात, दुसऱ्याच्या वावरात, अशाच एका मशीनवर छिंदवाड्याकडून आलेल्या टोळीतला एक पोरगा माल लोटत होता. रात्रीचे नऊ वाजून गेले होते. सकाळपासून तोच उभा होता. उजवा हात मनगटाच्या वरपर्यंत गेला. ओरडणं ऐकून मी पोहोचलो तेव्हा मशीन बंद झालं होतं आणि कोणी बोलत नव्हतं. त्याच्या बायकोनं स्वतःचं लुगडं फाडून बांधलं होतं. मशीनवाला परत परत एकच म्हणत होता, "दहा वर्षं झाले चालवून रायलो, माझ्या हातून कधी काही झालं नाई."

तो खोटं बोलत नव्हता. त्याच्या हातून खरंच काही झालं नव्हतं, कारण त्याला मशीनचं अंग न् अंग माहीत होतं. झाकण त्यानं काढलं आणि हात दुसऱ्याचा गेला. शेतकऱ्यांसाठी तेव्हा सरकारी अपघात विमा होता, पण त्याला सातबारा लागायचा. त्या पोराच्या नावानं गुंठाभर जमीन नव्हती. गावानं वर्गणी केली, ती दवाखान्यातच संपली. पुढच्या हंगामात टोळी आली, तो आला नाही. मशीन मात्र आलं, झाकणाशिवायच.

हे मी पुतण्याला सांगितलं. त्याला ती रात्र आठवत होती. तो तेव्हा कॉलेजात होता आणि त्याच्याच मोटारसायकलवरून कोणीतरी डॉक्टरला आणायला गेलं होतं. तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "पन काकाजी, रस्त्यावर मले गाठलं तर?"

हा प्रश्न उरतच होता. सुरक्षिततेचं बोलणाऱ्यांचं इथंच चुकते. समोरच्याची भीती ऐकूनच घेत नाहीत. भाऊजींनी ती ऐकली. त्यांनी पिस्तूल उलटं करून दाखवलं. मॅगझिन सोडायची कळ या पिस्तुलाला मुठीच्या बुडाशी आहे. दुसऱ्या हातानं मागे ओढल्याशिवाय ती सुटत नाही. झटापटीत अंगठा लागून मॅगझिन पडायची भीती ज्या पिस्तुलांची सांगतात, त्यांची कळ मुठीच्या बाजूला असते. "आन् बसवताना तळव्यानं ठोकून वढून पाह्यलं, तर अर्धवट रायत नाई. ते तुझ्या हातात हाये. चाप जड लागते, त्याले उपाय सराव. नाईच जमलं तर परवाना असलेल्या गनस्मिथले दाखव, साफसफाई करून घे. घरी पेचकस घेऊन बसू नको. कायदाही तेच सांगते." शस्त्र कायदा १९५९ चा आहे, परवान्याशिवाय हत्याराची दुरुस्ती किंवा फेरफार करण्याचा धंदा कोणालाच करता येत नाही.

मग मी माझ्या अकलेप्रमाणे एक बोललो. "रात्री पैसे आनतोसच कायले?" लुटणारा माणूस पिस्तुलाला भिऊन थांबेल की नाही हे सांगता येत नाही, पण थैलीच नसली तर त्याला थांबायचं कारण उरत नाही. बागवाल्यांना बँकेतून पैसे द्यायला तो तयार नव्हता, कारण म्हातारे बागवाले हातात नोटा आल्याशिवाय सौदा पक्का मानत नाहीत. पण त्यांची पोरं मोबाइल वापरतात. दोन हंगामांत निम्म्याहून जास्त देणं बँकेतून होऊ लागलं. मजुरीची रक्कम तो सकाळी, उजेडात, दोघं जण मिळून आणतो. रात्रीची फेरी जवळजवळ संपली.

पुर्जा जागेवर आहे. चाप जड आहे, अशी कुरकुर अजून ऐकू येते.

यातून सरसकट नियम निघतो, असं माझं म्हणणं नाही. काही चांगले हत्यारवाले या कुलपाच्या विरोधात आहेत आणि त्यांचं म्हणणं खोटं नाही. पुष्कळ पिस्तुलांत ते मुळातच नसते आणि ती वापरणारे सगळे काही घरच्यांना मारत सुटलेले नाहीत. ज्याच्याकडे ते नाही, त्याला ते नाही हे माहीत असते. घेणाऱ्यालाही माहीत असते. माझी हरकत एवढ्यालाच आहे, की बनवणाऱ्यानं घातलेला बंदोबस्त एकानं आपल्या सोयीसाठी काढायचा आणि बाकीच्यांनी तो आहे असं धरून चालायचं. थ्रेशरच्या नाळेवर झाकण होतं हे त्या छिंदवाड्याच्या पोराला कधी कोणी सांगितलंच नव्हतं. त्याला वाटत होतं, मशीन असंच असते.

पुतण्याच्या घरी आता बाबांचेच नियम आहेत, थोडे बदललेले. पिस्तूल लोखंडी पेटीत, गोळ्या दुसऱ्या खोलीत, किल्ली वहिनीकडे. बाहेर काढलं की मॅगझिन आधी, मग वरचा भाग ओढायचा, मग डोळ्यानं पाहायचं, मग दुसऱ्या कोणाला तरी दाखवायचं. धाकट्याला हा क्रम तोंडपाठ आहे. त्याला हात लावायची परवानगी नाही, पण बाप चुकला तर टोकायची आहे. सूनबाईलाही भाऊजींनी एकदा बसवून शिकवलं. ती आधी नको म्हणत होती, "मले काय कराचं त्याचं?" भाऊजी म्हणाले, "तुले चालवाचं नाई, बाई. पन घरात हाये तर ओळखता आलं पाह्यजे."

लोकसभेची निवडणूक लागली तेव्हा, २०२४ साली, पिस्तूल जमा करायला मी पुतण्यासोबत ठाण्यात गेलो होतो. बारा-पंधरा जण रांगेत होते, कोणाची दोननळी, कोणाची रायफल, सगळ्यांना घाई. टेबलामागच्या शिपायानं नंबर लिहून घेतला आणि हात पुढे केला. पुतण्यानं मॅगझिन वेगळं ठेवलं. पिस्तुलाचं तोंड भिंतीकडे ठेवून वरचा भाग मागे ओढला आणि तसाच धरून उभा राहिला.

"असू द्या, रिकामंच असन," शिपाई म्हणाला. मागं रांग वाढत होती.

"तरी पाहून घ्या, साहेब," पुतण्या म्हणाला.

शिपायानं मान वाकवून पाहिलं, मग सही केली.